नळी तीच, सुई नवी

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या गावांना गळती लागते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्रे, बांबू, पाण्याचे ड्रम, कोंबड्या आणि त्या सगळ्यावर माणसं, अशी एकेक टोळी कारखान्याच्या वाटेला लागते. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी बारामतीकडे, कुणी थेट कर्नाटकात. केज तालुक्यातल्या माझ्या सासुरवाडीच्या ओसरीवरून ही निघानिघी मी बरीच वर्षं पाहतो आहे. यंदा टोळी निघायच्या आदल्या संध्याकाळी याच ओसरीवर एक वाद रंगला. मी त्यात पडलो नाही. जावयानं सासुरवाडीत वादात पडू नये हे एक, आणि दोन्ही बाजूंना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं हे दुसरं.

एक बाजू माझ्या सासऱ्यांची. तीसेक वर्षं त्यांनी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडरकी केली. डॉक्टर आता हयात नाहीत, दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. दुसरी बाजू सासऱ्यांच्या भाचीची. ती शेजारच्या गावात उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. एवढं लांब पदनाम कुणी उच्चारत नाही. गाव तिला सिस्टर म्हणतं. ती त्यांना मामा म्हणते, आणि आमच्याकडच्या रीतीनं सासऱ्यांना मामाच म्हणायचं म्हणून मीही मामा म्हणतो.

सिस्टर चहाला बसली होती तेवढ्यात पलीकडच्या वस्तीवरची एक बाई आली. दोन दिवसांपासून अंग कसकस करतंय, उद्या निघायचंय, एक सलाईन लावा म्हणाली. सिस्टरनं ताप बघितला, पाणी किती पितेस विचारलं, गोळ्या दिल्या, ओआरएसची पुडी दिली. बाईनं पुडीकडे पाहिलं, मग सिस्टरकडे पाहिलं, आणि काही न बोलता पदराला गाठ मारून गेली.

"गेली बघ," मामा म्हणाले. "आता फाट्यावर जाईल, तिथं पैसे मोजून सलाईन लावून येईल. तुझ्या फुकटच्या गोळीपेक्षा तिला त्या बाटलीचा भरवसा."

"बाटलीत काय असतं मामा? ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर. पाच-सहा चमचे. एवढी साखर तर या कपात नाही, पण दोन कपांत नक्की आहे."

"साखर मला शिकवू नको. मी हजारो बाटल्या लावल्यात. बाटली लावली की माणूस तासभर पडतो, वरून वारा घालतात, बायको डोक्याशी बसते. आयुष्यात तेवढाच तास त्याला कुणी विचारतं. अर्धा आजार तिथंच जातो."

हे मला पटलं. सिस्टरलाही पटलं असावं, कारण ती लगेच काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि उरलेला अर्धा डेक्सानं जातो."

मामा हसले. डेक्सा म्हणजे डेक्सामिथॅसोन, स्टेरॉइड. ताप उतरतो, अंगदुखी पळते, भूक लागते, दुसऱ्या दिवशी माणूस टुणटुणीत. आजार मात्र जागच्या जागी. गावात ज्या डॉक्टरच्या 'हाताला गुण' असतो, त्या गुणातला बराचसा या बारक्या बाटलीत असतो. सोबत बी-ट्वेल्व्हची लाल सुई. लाल रंग रक्तासारखा दिसतो म्हणून ती जास्त मानाची.

"तू हसशील," मामा म्हणाले, "पण तू उसाच्या फडात कोयता घेऊन उभी राहा एक दिवस. नवरा-बायकोनं उचल घेतलेली असती. एक दिवस फडात गेलं नाही की खाडा. मजुरी तर बुडतीच, वर मुकादम पैसे कापतो. तापात दोन दिवस झोपणं त्या माणसाला परवडतं का? त्याला आज रात्री सुई पाहिजे आणि पहाटे चारला उभं राहायला पाहिजे. तुझी गोळी त्याला तीन दिवस दे म्हणती. तीन दिवस कोण देतंय?"

"मग खाड्यापायी बायकांनी पिशव्या काढून घेतल्या, ते पण बरोबरच म्हणायचं?"

ओसरीवर थोडा वेळ शांतता झाली. बीडचं नाव २०१९ साली देशभर गेलं ते याच गोष्टीनं. नीलम गोऱ्हे यांच्या समितीसाठी जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची माहिती गोळा झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. गर्भाशयाला इकडे पिशवीच म्हणतात. शब्दानंच वस्तू हलकी होते.

"ते वेगळं," मामा म्हणाले.

"वेगळं नाही. आजाराचा हिशेब मुकादमाच्या वहीत लागला की पुढं सुई काय न् ऑपरेशन काय, सगळं झटपट पाहिजे असतं. झटपट काम जिथं, तिथं सुई धुवायला, बदलायला वेळ नसतो. माझं भांडण सुईशी नाही. नको तिथल्या सुईशी आहे."

मामांनी इथं आपला हुकमी पत्ता काढला. "आता सगळं डिस्पोजेबल आहे बाई. पाकीट फोडलं, टोचलं, फेकलं. धोका होता तो आमच्या काळात. आणि आमच्या काळातसुद्धा आम्ही काय शिस्त पाळायचो तुला माहितेय?"

ही शिस्त मी आधीही ऐकली आहे, पण मामा सांगतात छान. काचेची सिरिंज, पितळी दांडीची. सुया वापरून वापरून बोथट झाल्या की दगडावर घासायच्या. स्टोव्हवर झाकणाचं भांडं, त्यात सिरिंजचे दोन भाग वेगळे करून उकळायचे, चिमट्यानं उचलायचे, बोट लावायचं नाही. एकदा त्यांच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्यांनी उचलून पुसला तर डॉक्टर कडाडले. मग दवाखाना मिटल्यावर बसवून मुलकोवालची गोष्ट सांगितली.

गोष्ट खरी आहे आणि तिचं एक टोक आपल्या मुंबईत आहे. प्लेगची लस वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईत तयार केली. परळच्या प्रयोगशाळेतून ती देशभर जाई. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना टोचलं. त्यांतल्या एकाच बाटलीतून ज्या १९ जणांना लस मिळाली, ते सगळे धनुर्वातानं मेले. ठपका हाफकिनवर आला, नोकरी गेली. लस मुंबईतच बिघडली असं आधी ठरवण्यात आलं. पुढे कळलं की बाटली उघडताना चिमटा खाली पडला होता आणि तो ज्योतीवर न धरता नुसता औषधाच्या पाण्यात बुचकळून पुन्हा वापरला होता. हाफकिनवरचा डाग पुसायला १९०७ साल उजाडलं. परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं १९२५ मध्ये.

"तेव्हापासून," मामा म्हणाले, "चिमटा पडला की ज्योतीवर. कधी चुकलो नाही."

"आणि उकळायचात किती वेळ?"

"चांगलं खळखळ उकळी येईस्तोवर."

"मिनिटं सांगा मामा."

"सकाळी वीस मिनिटं. मग..." मामा थांबले. "बाजाराच्या दिवशी शंभर पेशंट असायचे. सिरिंजा चार. मग कुठली वीस मिनिटं? पाच मिनिटं. गर्दी असली तर..."

सिस्टरनं वाट पाहिली. मला वाटतं या बाईच्या नोकरीतलं निम्मं कौशल्य एवढंच आहे.

"गर्दी असली तर सुई बदलायचो. नळी तीच ठेवायचो. नळी काय अंगात जात नाही."

"जात नाही," सिस्टर म्हणाली, "पण अंगातलं तिच्यात येतं." तिनं चहाचा चमचा हातात घेतला आणि समजावून सांगायला लागली. इंजेक्शन देताना शिरेत आहे का बघायला दांडी किंचित मागे ओढतात. तेव्हा दिसणार नाही एवढं रक्त नळीच्या तोंडाशी येतं. सुई काढून दुसरी बसवताना आत बारीकशी ओढ बसते, सुईतलं रक्त नळीत शिरतं. पुढच्या माणसाला नवी सुई मिळते, पण तिच्यामागून मागच्या माणसाचं रक्त. डोळ्यांना औषध स्वच्छ दिसतं. कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो. कावीळ क चा विषाणू सिरिंजमध्ये राहिलेल्या रक्तात ६३ दिवसांपर्यंत जिवंत सापडला आहे.

"उकळण्यानं तो मरतो," मामा म्हणाले.

"पूर्ण वीस मिनिटं उकळलं तर बरेच जंतू मरतात. धनुर्वाताच्या जंतूची बीजं तेवढ्यानंही मरत नाहीत. त्याला ऑटोक्लेव्ह लागतं. १२१ अंश, पंधरा पौंड दाब, पंधरा-वीस मिनिटं. घरच्या कुकरचा थोरला भाऊ. तुमच्या डॉक्टरांना मुलकोवाल ठाऊक होतं, म्हणजे हेही ठाऊक असणार."

मामांनी यावर उत्तर दिलं नाही. डॉक्टर त्यांच्यासाठी देवासमान होते.

पण मामा कच्चे नाहीत. पान लावून झाल्यावर त्यांनी डाव उलटवला. "ठीक. काचेची गेली, प्लास्टिक आलं. मग सगळं सुधारलं का? काचेची सिरिंज कुणी भंगारात विकत नव्हतं."

हा मुद्दा बिनतोड होता. २००९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गुजरातेत मोडासा आणि आसपास कावीळ ब ची साथ आली, सत्तरहून जास्त माणसं गेली. तपासात वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्याचं निघालं, डॉक्टरांना अटक झाली, आणि दवाखान्यातला कचरा धुऊन-पुसून परत बाजारात येत असल्याचंही उघड झालं. एकदाच वापरायची म्हणून निघालेली वस्तू स्वस्त असते, हलकी असते आणि धुतली की नवी दिसते. काचेच्या सिरिंजला निदान उकळायची सवय होती. प्लास्टिकची सिरिंज उकळताही येत नाही. त्याच्या थोडं आधी देशभर झालेल्या एका मोठ्या पाहणीत वर्षाला सुमारे ३०० कोटी इंजेक्शनं आणि त्यांतली जवळपास ६३ टक्के असुरक्षित, असा आकडा निघाला होता. तोवर डिस्पोजेबल सिरिंज गावागावांत पोचून बरीच वर्षं झाली होती.

"म्हणून तर ती लॉक होणारी काढली," सिस्टर म्हणाली. "दांडी एकदा शेवटपर्यंत दाबली की अडकते, मागं ओढलीच जात नाही. बाळांच्या लसीला आम्ही तीच वापरतो. धुवा, पुसा, पुन्हा भरताच येत नाही. माणसाच्या चांगुलपणावर काम ठेवायचंच नाही."

"लसीला वापरता. फाट्यावरचा डॉक्टर वापरतो का?"

"सगळे नाही."

"मग? मूठभर लसीच्या सुया लॉकवाल्या, आणि बाकी ढीगभर दुखण्याच्या सुया रामभरोसे."

सिस्टरनं मान हलवली. पाहणीतही तेच होतं: बहुतेक सुया लसीच्या नव्हत्या, उपचाराच्या होत्या.

"आणि फाट्यावरच्याला बोगस म्हणून तुम्ही धरता," मामांचा आवाज चढला. "धरा. उन्नावला तो सायकलवर फिरून एकाच सुईनं टोचत होता, २०१८ साली चाळीसहून जास्त लोकांना एचआयव्ही झाला, पेपरात आलं होतं. धरायलाच पाहिजे. पण रात्री दोन वाजता पोराला झटके आले तर वस्तीवरचा माणूस कुणाकडं जाईल? तुझं उपकेंद्र संध्याकाळी कुलूप लावतं. अंबाजोगाईचं सरकारी कॉलेज मोठं आहे, आशियातलं पहिलं ग्रामीण म्हणून नाव आहे, पण वस्तीवरून तिथं पोचायला रात्री गाडी पाहिजे. फाट्यावरचा दार उघडतो. तू त्याला काढशील तर त्याच्या जागी काय ठेवशील ते आधी सांग."

"१०८ ची गाडी आहे."

"आहे. येते पण. किती वेळानं येते तेही सांग."

सिस्टर गप्प झाली. या मुद्द्यावर मामा जिंकले असं माझं मत आहे, आणि मला नाही वाटत तिचं मत वेगळं होतं. बोगस डॉक्टर कायद्यानं गुन्हेगार आहे. पण त्याचं दुकान चालतं ते सरकारच्या बंद दारासमोर.

मामांना जिंकल्यावर थांबता येत नाही. "आणि शिकलेल्यांचं काय? २०२२ साली सागरला, मध्य प्रदेशात, शाळेतल्या तीसहून जास्त पोरांना एकाच सिरिंजनं कोरोनाची लस दिली. तो तर नर्सिंगचा पोरगा होता. म्हणाला, वरून एकच सिरिंज पाठवली, साहेबांनी सांगितलं तसं केलं."

"हो," सिस्टर म्हणाली. "आणि माझं सांगू? ट्रेनिंगला असताना मला सुई टोचली होती. पेशंटला इंजेक्शन दिलं, आणि सुईवर टोपण बसवायला गेले दोन्ही हातांनी. टोपण चुकलं, अंगठ्यात गेली. टोपण बसवायचंच नसतं, सुई तशीच कटरमध्ये घालायची असते, हे परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. मी कुणाला सांगितलं नाही. शिकाऊ पोरगी, सिस्टर इनचार्ज रागावतील म्हणून."

"मग?"

"मग काही नाही. काविळीच्या लसीचे तिन्ही डोस झाले होते म्हणून ब ची भीती नव्हती. ब ची सुई टोचली आणि लस नसली तर शंभरात तीस जणांपर्यंत लागण होते. क ची शंभरात साधारण दोघा-तिघांना. एचआयव्हीची हजारात तिघांना. एचआयव्हीसाठी ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू करता येतात, जेवढ्या लवकर तेवढ्या बऱ्या, २८ दिवस. मला सगळं माहीत होतं आणि मी साबणानं हात धुऊन गप्प बसले. सहा महिने झोप नव्हती. पण दाजी, हे लिहा," ती पहिल्यांदाच माझ्याकडे वळली, "सर्वांत जास्त टोचतं ते आम्हाला नाही. झाडणाऱ्या मावश्यांना टोचतं. सुया पांढऱ्या डब्यात न जाता काळ्या पिशवीत जातात, आणि पिशवी मावशी हातानं दाबते. त्यांना लस दिली का, हे कुणी विचारत नाही."

लिहिलं.

अंधार पडला होता. बाहेर ट्रॉलीला दोर बांधायचा आवाज येत होता. मामा म्हणाले, "म्हणजे तुझंच ऐकायचं तर काय करायचं या लोकांनी? डॉक्टरसमोर तोंड उघडायची हिंमत नसते. पाकीट नवं आहे का असं विचारलं तर डॉक्टर म्हणणार, तुला विश्वास नाही का? जा मग दुसरीकडं. मी पण असं म्हणालोय पेशंटला. दोनदा."

"विचारूच नये. सांगावं. पाकीट माझ्यासमोर फोडा, मला बघायला आवडतं. डॉक्टरचा अपमान होत नाही. आणि सिरिंजच नाही, बाटलीपण बघायची. तीस मिलीची मोठी बाटली असते, तिच्यात वापरलेली सिरिंज पुन्हा बुडवली की बाटली बाटते. मग पुढच्या दहा जणांच्या सिरिंजा कितीही नव्या असू देत. पण त्याच्याआधी एक प्रश्न आहे. गोळीनं भागणार नाही का? एवढंच विचारायचं. भागतंय म्हणाले तर सुईचा सगळा कारभारच मिटला."

"बायका विचारतील?"

"जामखेड आपल्या पाटोद्याच्या शेजारी. आरोळे डॉक्टर नवरा-बायकोनं १९७० पासून तिथं कधी शाळेत न गेलेल्या बायकांना आरोग्याचं शिकवलं, त्यांनी गावंच्या गावं सांभाळली. ऊस तोडणाऱ्या बाईला मुकादमाशी भांडता येतं. हेही येईल. उद्या ट्रॉली निघायच्या आधी मी दहा मिनिटं मागितलीत मुकादमाकडं. त्यानं पाच दिलीत."

जेवायला बसल्यावर वाद संपला असं मला वाटलं. मामा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "मला किती वेळा टोचली असेल गं? बोथट सुया घासताना, भांड्यातून काढताना. रोज एखादी तरी."

"तपासलंय कधी?"

"कशाला? मला काय झालंय? गुडघा सोडला तर."

"ब आणि क दोन्ही वीस-वीस, तीस-तीस वर्षं गप्प बसतात मामा. यकृत खराब झाल्यावर बोलतात. क आता बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरी होते. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमच आहे, तपासणी फुकट, औषध फुकट. पण आधी रक्त द्यावं लागतं."

मामांनी पुढच्या सोमवारी एसटी धरली आणि अंबाजोगाईला जाऊन रक्त दिलं. रिपोर्ट आला, दोन्ही निगेटिव्ह. मी फोनवर अभिनंदन केलं. ते म्हणाले, "माझं ठीक आहे. माझ्या हातून ज्यांनी घेतल्या त्यांचं काय? बाजारच्या दिवशी शंभर जण असायचे."

ते शंभर जण, किंवा त्यांची मुलं, हे वाचत असतील तर मामांचा निरोप मी पोचवतो: काचेच्या सिरिंजनं कधी सुई घेतली असेल, किंवा पाकीट समोर फोडलेलं आठवत नसेल, तर जवळच्या जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन कावीळ ब आणि कावीळ क, दोन्हींची तपासणी एकदा करून घ्या.